माझ्या पिंपातलं कास्लर

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मराठी मंडळाचा संपादक पोरगा क्रेगीबर्नच्या आमच्या घरी आला आणि म्हणाला, "काका, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा."

मी विचारलं, "माझं काम काय होतं ते माहीत आहे का तुला?"

"हो ना. तुम्ही बुचर होता."

"नुसता बुचर नाही. जर्मन माणसाच्या दुकानात डुकराचं मांस खारवायचो, धुरी द्यायचो. दिवाळी अंकात डुक्कर छापशील?"

तो हसला, चहा प्याला आणि म्हणाला, "नो वरीज, काका." या देशात नो वरीज म्हणणाऱ्या माणसावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही. तरी लिहिलं. तुम्ही हे वाचत असाल तर पोराने शब्द पाळला म्हणायचा. मधलं काही गाळलंय का ते मी अंक हातात आल्यावर ओळ न् ओळ ताडून बघणार आहे.

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, मी माघार घेणारा नव्हतो आणि मास्तर पण नव्हते. हे सगळं मी हाताने लिहिलं, टाईप केलं सुनेने. प्राजक्ता तिचं नाव, पुण्याची, इथे युनिला शिकायला आली आणि आमच्या मेल्विनशी लग्न करून राहिली. मुलगी चांगली आहे, पण तिला माझी वाक्यं नीट करायची खोड आहे. म्हणून मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो.

आता काम काय ते सांगतो. डुकराच्या पाठीचं मांस घ्यायचं, बरगडीचं हाड आणि वरचा चरबीचा पट्टा ठेवून. ते खाऱ्या पाण्यात बुडवून थंड खोलीत काही दिवस ठेवायचं. मग बाहेर काढून, धुऊन, टांगून वाळवायचं, मग धुरी द्यायची आणि त्याच धुराच्या उष्णतेवर ते आतपर्यंत शिजवायचं. त्याला जर्मन लोक कास्लर म्हणतात. त्याचे कापलेले चॉप म्हणजे त्यांच्या घरी रविवारचं जेवण. एवढंच. ऐकायला सोपं आहे. आमच्या वसईत नाताळाला डुक्कर करतात ते पण ऐकायला सोपं असतं.

खाऱ्या पाण्यात मीठ, थोडी साखर, लसूण, तमालपत्र, मिरी आणि ज्युनिपर नावाचे काळे दाणे, मिरीहून मोठे. शिवाय एक वेगळं गुलाबी मीठ असतं, त्याने मांस टिकतं आणि शिजलं तरी आतून गुलाबी राहतं. ते जेवणाचं मीठ नव्हे. ते डोळ्याने टाकायचं नाही, तराजूवरच तोलायचं, कारण जास्त पडलं तर विष. घरी करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

लाकडावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. इथली माणसं जुन्या कुंपणाच्या फळ्या चुलीत घालतात, त्यांना औषध मारलेलं असतं. निलगिरीचं लाकूड घातलं तर चॉप खाताना छातीला बाम चोळल्यासारखं वाटतं. सफरचंदाचं किंवा चेरीचं लाकूड घ्यावं, सुकं, साल काढलेलं, आणि विकणारा काय म्हणतो ते न ऐकता स्वतः तोडून हुंगावं.

मी हे काम गुंटर नावाच्या म्हाताऱ्याच्या दुकानात शिकलो. ऑस्ट्रेलियात कसा आलो ती कथा लांब आहे, थोरल्या भावाने बोलावलं एवढं पुरे. वसईत मी डुकराच्या दुकानातच वाढलो होतो, सुरी धरता येत होती. गुंटरने मला एक अख्खी पाठ कापायला दिली आणि माझ्या हातांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. कापून झाल्यावर म्हणाला, "कापतोस बरा. चोरतोस का?"

मी म्हणालो, "तुम्ही?"

त्याने खुंटीवरचा एप्रन काढून मला दिला. आमचा संसार असा सुरू झाला.

दुकानाच्या पुढच्या बाजूला त्याची बायको एरिकाबाई उभी असायची. उंच, सरळ, केस घट्ट बांधलेले. ती कोणावरच विश्वास ठेवायची नाही, नवऱ्यावर पण नाही. रोज दुकान बंद करताना मागे यायची आणि सुऱ्या मोजायची. आम्ही सगळ्या सुऱ्या धुऊन, पुसून टेबलावर ओळीत ठेवायच्या, आणि ती प्रत्येक पात्यावर बोट टेकवत जर्मनमध्ये मोजायची. शेवटी म्हणायची, "श्टिम्ट." म्हणजे बरोबर आहे. तो शब्द पडल्याशिवाय आम्हाला घरी जायची परवानगी नव्हती. एकदा हाड सोलायची बारीक सुरी कमी भरली, तर तिने मला, गुंटरला आणि स्वतःला, तिघांनाही थांबवून ठेवलं. सुरी सापडली गुंटरच्या गमबुटात. तिने त्याच्याकडे जे बघितलं ते बघून मला पहिल्यांदा त्या माणसाची दया आली.

माझ्याशी ती कधी दोन शब्दांपेक्षा जास्त बोलली नाही. गुड मॉर्निंग आणि श्टिम्ट. मला वाटायचं, हिला मी आवडत नाही. काळा माणूस, लांबून आलेला, हातात सुरी.

पण धंदा मी तिच्याकडून शिकलो, हे कबूल केलं पाहिजे. एकदा एक ट्रकवाला आला, दाराएवढा माणूस. कागदातला चॉप काउंटरवर आपटून म्हणाला, "मेट, हे कच्चं आहे. आतून गुलाबी. माझी बायको आजारी पडली असती." गुंटर मागून ओरडायला लागला की कास्लर गुलाबीच असतं, मूर्खा. ट्रकवाल्याचा आवाज आणखी चढला. एरिकाबाईने नवऱ्याला हाताने गप्प केलं. ट्रेमधली हाडासकट पाठीची अख्खी पट्टी काढून त्या माणसासमोर ठेवली आणि म्हणाली, "कुठला कापू? तू दाखव."

त्याने एका टोकाला बोट दाखवलं. तिने तो चॉप कापला आणि तिथेच उभ्या उभ्या, हातात हाड धरून, त्याच्या डोळ्यांत बघत खाल्ला. घाई नाही, एक शब्द नाही. खाऊन हाड कागदावर ठेवलं. तो माणूस पुढे कायमचा गिऱ्हाईक झाला. दर वेळी बोट दाखवूनच घ्यायचा.

संशयी माणसाला बोलून पटवता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी स्वतः तसा असून कळलं नव्हतं. आपण जितकं जास्त बोलतो तितका त्याचा संशय वाढतो. त्याला निवडू द्यावं, आणि त्याने निवडलेलं आपण खावं.

आता पिंपाचं सांगतो. थंड खोलीत दोन पिंपं होती, एक गुंटरचं, एक माझं. कारण मी त्याच्या हाताने मीठ टाकू द्यायचो नाही आणि तो माझ्या. धुरीच्या खोलीत उजव्या आकड्यांवर त्याचं मांस, डाव्या आकड्यांवर माझं. पुढे ट्रेमध्ये सगळं एक व्हायचं.

एकदा गुंटर बहिणीच्या मयताला जर्मनीला गेला आणि नेमके ज्युनिपरचे दाणे जुने निघाले. वासच नाही. चघळले तर लाकूड. मी ते टाकले, पण पिंप नुसतंच वास मारत होतं मिठाचं. घरी वसईहून आलेला मसाल्याचा डबा होता, त्यात तिरफळं होती. आमच्याकडे वर्षाचा मसाला बाटल्यांत भरतात, त्या बाटली मसाल्यात घालतात, कोकणात बांगड्याला. वरचं टरफल घ्यायचं, आतलं काळं बी फेकून द्यायचं. मी टरफलं जरा चेचून फडक्यात बांधली आणि पिंपात सोडली.

त्या मांसाला असा वास आला की मी धुरीच्या खोलीतून बाहेर यायला तयार नव्हतो. जिभेवर आधी धूर, मग मीठ, आणि मग अगदी शेवटी ती तिरफळाची झिणझिण, कोणीतरी लांबून हाक मारल्यासारखी.

गुंटर परत आला, नवे दाणे आले. मी ज्युनिपर पण टाकलं आणि तिरफळ पण. सांगितलं नाही. जर्मन माणसाच्या शंभर नियमांच्या कामात वसईचं तिरफळ घालतोय हे सांगितलं असतं तर त्याने मला त्याच पिंपात खारवला असता.

आणि तिथून शनिवार सुरू झाले. दर शनिवारी गुंटर धुरीच्या खोलीत जायचा, डाव्या आकड्यांवरची पट्टी उतरवायचा, नाकाशी धरून हुंगायचा, दोन चॉप कापून कागदात गुंडाळायचा आणि घेऊन जायचा. उजवीकडचे नाही, कायम डावीकडचे. माझे. माझ्याकडे एकदा बघायचा, आणि गप्प.

मी मनात म्हणायचो, ह्याला वास लागला. कुठे घेऊन जातो हा? तपासायला देतो? कुत्र्याला घालून बघतो? सोमवारी तो आला की मी त्याच्या तोंडाकडे बघायचो, तो पिंपाकडे बघायचा, आणि दोघं कामाला लागायचो. विचारलं मी कधीच नाही. विचारलं म्हणजे मान्य केलं. तिरफळ बंद पण केलं नाही. घाबरून बंद करणाऱ्यातला मी नव्हे. पकडायचं तर पकड, म्हटलं.

त्याने पकडलं नाही. म्हातारा झाला आणि एके दिवशी गेला. दुकान बंद झालं. त्याची मुलगी इनग्रिड, शाळेत शिकवते, तिने मला फोन करून सांगितलं, "इनास, तुझ्या सुऱ्या घेऊन जा." झाला माझा निरोप समारंभ. आता त्या जागेवर कॉफीचं दुकान आहे. धुरीच्या खोलीत लोक बसून लॅपटॉप बघतात.

पुढे कित्येक महिने इनग्रिडचा पत्ता नाही. आणि मग या हिवाळ्यात ती अचानक आमच्या दारात. हातात केक. केक घेऊन येणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं.

"इनास, आई जेवत नाही," ती म्हणाली. एरिकाबाई आता नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात होती. तिला वाटायचं की अन्नात गोळ्या कुस्करून घालतात. सूप आलं की हुंगून बाजूला सारायची. कुस्करलेला बटाटा आला की चमच्याने उकरून बघायची, आत काही लपवलंय का. बंद पाकिटातली बिस्किटं स्वतः फोडून खायची, तेवढंच. हाडं वर आली होती. डॉक्टर म्हणाले होते, हे असंच चाललं तर आता फार दिवस नाहीत. "ती परवा झोपेत कास्लर म्हणाली," इनग्रिड म्हणाली. "मी घरी करून बघते. बाबांनी मला कधी शिकवलं नाही. तू सांगशील?"

वाईट वाटलं का, तर वाटलं. पण संशय आधी आला. दुकानाच्या शेवटच्या दिवसांत एका मोठ्या कंपनीची गाडी दोनदा येऊन गेली होती, आतली माणसं गुंटरशी दार लावून बोलली होती. मी म्हटलं, आईचं निमित्त आणि कृती जाणार कारखान्यात. उद्या सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये प्लास्टिकच्या पाकिटात माझं पिंप.

आमच्या वसईत मसाल्याची एक रीत आहे. शेजारीण मसाला विचारायला आली तर नाही म्हणायचं नसतं, सगळं सांगायचं असतं, फक्त एक वस्तू हातची राखायची. माझी आई तसंच करायची. शेजारणीला ते माहीत असायचं, ती पण तिच्या मसाल्यातली एक राखायची. कोणी कोणावर रागवायचं नाही. मी इनग्रिडला सगळं सांगितलं. मीठ, गुलाबी मीठ, तोलून किती, ज्युनिपर, वाळवताना मांस बोटाला जरा चिकटायला लागत नाही तोवर धुरी नाही, आत सळई घालून ओठाला लावून बघायची आणि त्यावर विश्वास न ठेवता थर्मामीटरही घालायचा. सगळं. तिरफळ सोडून.

ती गेल्यावर प्राजक्ता केक कापत म्हणाली, "पप्पा, तिरफळाचं नाही सांगितलंत."

"तू मोजत होतीस?"

"तुम्हीच तर मला दहा वेळा सांगितलंय, तिरफळाशिवाय ते कास्लर म्हणजे बिनतर्रीची मिसळ. ती बाई उपाशी आहे, पप्पा. रेसिपी कुठे पळून चाललीये?"

"तू केक खा," मी म्हणालो.

दोन आठवड्यांनी इनग्रिड परत आली. या वेळी केक नव्हता. तिने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं, मोठ्या कष्टाने, धुरी द्यायचं एक यंत्र भाड्याने आणून. आईसमोर ताट ठेवलं. एरिकाबाईने हुंगलं, एक घास तोंडात घेतला, परत बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, "हे आपलं नाही. हे कोणी पाठवलं?" त्या दिवसापासून ती इनग्रिडने आणलेलं बिस्किटाचं पाकीट पण घेईना.

इनग्रिड माझ्या ओट्याला टेकून उभी होती. "तू काही सोडलंस का, इनास? खरं सांग."

"काही नाही," मी म्हणालो. प्राजक्ताने भांडं जरा जोरात आपटलं. "पण तुझा हात कच्चा आहे. मी करतो. इथे, माझ्या घरी."

हे माझं माफी मागणं होतं असं कोणी समजू नये. माझा निर्णय होता.

आमच्या बॅकयार्डात एक लोखंडी कपाट आहे, ऑफिसातलं. हार्ड रबिशच्या, म्हणजे घरातलं जुनं सामान टाकायच्या दिवशी कोणीतरी रस्त्यावर ठेवलं होतं. रंग सगळा जाळून, घासून काढला, वर भोक पाडलं, आत आकडे लावले, खाली भुशाचा पत्रा. गुंटरच्या खोलीच्या तोडीचं नाही, पण खोटं बोलत नाही. मांस मी स्वतः बघून आणलं. हल्ली डुकराच्या मांसात पाणी टोचून वजन वाढवतात, म्हणून बुचरला ते दाबून दाखवायला लावलं. त्याला राग आला. येऊ दे.

खारवून झालं, टांगून झालं, आणि एका थंड सकाळी मी कपाट पेटवलं. हिवाळ्यात धूर वर जात नाही, कुंपणावरून शेजारी जातो. थोड्या वेळाने कुंपणावर पगडी दिसली. आमचे शेजारी हरजीत पाजी.

"अंकल जी, सब ठीक है? अलमारी से धुआँ आ रहा है."

"ठीक है. अंदर मीट है."

पाजींनी कपाट वरपासून खालपर्यंत बघितलं. कपाट माणसाच्या उंचीचं आहे. "मीट? किसका?"

"सूअर का."

"अच्छा, सूअर!" त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "मैं कुछ और समझा. बहू दो दिन से दिखी नहीं थी."

प्राजक्ताने आतून खिडकी उघडून हात हलवला. तरी पाजी संध्याकाळपर्यंत अधूनमधून डोकावत होते. मला त्यांचं कौतुक वाटलं. शेजारी असा असावा.

घरी चॉप गरम करायची रीत पण सांगतो, कारण तिथेच सगळे माती करतात. धुरीत ते शिजलेलंच असतं. परत शिजवलं तर चप्पल होते. पातेल्यात चरबीवर कांदा, त्यावर आंबवलेली कोबी, तिला साउअरक्राउट म्हणतात, सफरचंदाच्या फोडी, पाण्याचा हबका. चॉप वर ठेवायचे, झाकण ठेवून मंद आचेवर नुसते गरम होऊ द्यायचे. वर मीठ टाकणाऱ्याचा हात धरावा.

पण एरिकाबाईसाठी मी ते केलं नाही. पातेल्यातलं अन्न म्हणजे तिच्यासाठी आधीच कोणाचा तरी हात लागलेलं. मी धुरीतून काढलेली अख्खी पट्टी, हाडासकट, न कापता, स्वच्छ कागदात गुंडाळली. सोबत एक लाकडी पाट आणि माझी एक सुरी, जुनी, दुकानातली.

नर्सिंग होमच्या दारातच अडलं. ड्युटीवरच्या सिस्टरने पिशवी उघडली आणि दोन पावलं मागे सरली. "सर, हे आत नेता येणार नाही."

"मग जेवण पण आत जाणार नाही," मी म्हणालो.

इनग्रिड मध्ये पडली, मॅनेजरला फोन झाला. ठरलं असं की सिस्टर खोलीत उभी राहणार, सुरी माझ्या हातातून कोणाच्याही हातात जाणार नाही आणि काम झालं की परत पिशवीत. सिस्टर माझ्या मागे मागे अशी चालत होती की मी दरोडा घालायला आलोय. मला ते बरं वाटलं. काम चोख होतं तिचं.

एरिकाबाई खिडकीजवळ खुर्चीत होती. किती लहान झाली होती. केस मात्र तसेच घट्ट बांधलेले. तिने मला बघितलं, ओळखलं की नाही कळलं नाही. इनग्रिड म्हणाली, "आई, इनास आलाय." ती टेबलाकडे बघत होती.

इनग्रिड समजावायला लागली, की हे ताजं आहे, यात काही घातलेलं नाही. एरिकाबाईचे डोळे बारीक झाले. मी इनग्रिडला म्हणालो, "तू बोलू नकोस."

मी पाट ठेवला, कागद उघडला, पट्टी तिच्या समोर सरकवली. खोलीत धुराचा वास भरला. मी सुरी हातात घेतली, सिस्टरने श्वास रोखला, आणि मी एरिकाबाईला विचारलं, "कुठला कापू? तुम्ही दाखवा."

तिने बराच वेळ पट्टीकडे बघितलं. मग वाळलेलं बोट उचललं आणि मधल्या एका बरगडीवर ठेवलं. मी तो चॉप कापला. आतून गुलाबी. मी उभ्या उभ्या, हातात हाड धरून, तिच्या डोळ्यांत बघत खाल्ला. घाई नाही. थंड होता, पण उत्तम झाला होता, मी केला होता ना. हाड कागदावर ठेवलं.

ती बघत होती. माझ्या तोंडाकडे, माझ्या गळ्याकडे, परत हाडाकडे. मग तिचं बोट पुन्हा उठलं आणि माझ्या चॉपच्या शेजारच्या बरगडीवर गेलं.

मी कापला. तिने दोन्ही हातांनी उचलला, नाकाशी नेला. तिथेच धरून राहिली. इनग्रिडने माझा दंड इतका घट्ट पकडला होता की वळ उठला. मग एरिकाबाईने घास घेतला. चावला. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो, आणि तो घास खाली गेला.

दुसरा घास. तिसरा. मग ती थांबली, जीभ ओठांवरून फिरवली आणि मुलीला विचारलं, "आज शनिवार आहे?"

बुधवार होता. इनग्रिड हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मला काही कळेना. मी म्हणालो, "शनिवारचं काय?"

"बाबा दर शनिवारी आणायचे ना, आमच्या घरी. डावीकडचे. आईला बाबांच्या हातचं चालायचंच नाही, ती म्हणायची, घरात इनासचंच आण. आणि बाबा म्हणायचे, त्याला सांगू नका हां, आधीच डोक्यावर बसलाय."

मी खुर्चीत बसलो. इतक्या वर्षांचे शनिवार. मी धुरीच्या खोलीच्या दाराआड उभा राहून घाम पुसत होतो आणि हा माणूस माझे चॉप घरी नेऊन पानात वाढत होता. मेल्या गुंटर, एक शब्द बोलला असतास तर तुझं काय गेलं असतं? पण मग वाटलं, मी तरी कुठे विचारलं. आणि त्याला तिरफळाचा पत्ता लागला होता का, हे आता कोणाला विचारणार? मला अजून संशय आहे की लागला होता.

इनग्रिडने माझ्या पाटावरचा एक तुकडा तोंडात टाकला आणि भुवया वर गेल्या. "हेच. शेवटी जिभेवर हे जे होतं. हे मी केलेल्यात नव्हतं. काय आहे ते?"

मी खिशातून पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. "तिरफळ. बी टाकून द्यायचं." तिने माझ्याकडे शाळेत शिकवणाऱ्या बाईसारखं बघितलं आणि पुडी पर्समध्ये टाकली. किती टाकायचं ते तिच्या कानात सांगितलं. ते तुम्हाला सांगणार नाही. प्राजक्ताला पण टाईप करायला दिलेलं नाही.

एरिकाबाईने हाड साफ करून कागदावर माझ्या हाडाशेजारी ठेवलं. सिस्टर पिशवी उघडी धरून उभी राहिली. मी सुरी बेसिनवर धुतली, पुसली आणि पिशवीकडे वळलो, तर मागून आवाज आला. "नाइन."

जर्मनमध्ये नाही म्हणजे नाइन. एरिकाबाई टेबलावर बोट आपटत होती. मला कळलं. मी सिस्टरला म्हणालो, "एक मिनिट थांबा," आणि सुरी एरिकाबाईच्या समोर, पातं तिच्यापासून लांब, सरळ ओळीत ठेवली, आम्ही ठेवायचो तशी.

तिने पात्यावर बोट टेकवलं. "आइन्स," म्हणाली. एक. मग तिने टेबलाच्या पुढे बघितलं, पाटाखाली बघितलं, माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. मी हात उलटे करून दाखवले. पिशवी उलटी करून झटकली. शेवटी तिने माझ्या बुटांकडे बघितलं, म्हणून मी बूट पण काढून दाखवले.

तेव्हा कुठे तिने मान हलवली.

"श्टिम्ट," ती म्हणाली, आणि मी घरी गेलो.